वाट्या बदलायच्या आधी

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बाईचे गुडघे दुखू लागले, की घरोघरी उपचारांचा एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी तेलाची मालिश आणि गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, मग औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, मग एक्स-रे. त्यात ‘गॅप कमी झालाय’ असं कळलं की इंजेक्शनं, आणि सरतेशेवटी ‘वाट्या बदलून घ्या’ हा सल्ला. या क्रमात फिजिओथेरपीला जागा मिळते ती बहुधा ऑपरेशन झाल्यावर, नाहीतर दहा दिवस मशीनचा शेक घेण्यापुरती. वास्तविक झिजेमुळे होणाऱ्या गुडघेदुखीत फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम हा पहिला उपचार असायला हवा. ऑपरेशनचा खर्च उचलणाऱ्या सरकारने तो गावपातळीवर पोहोचवण्याची जबाबदारीही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी.

‘वंगण संपलं, आता गुडघे वापरले की आणखी झिजणार’ ही समजूत या उपचाराच्या आड सर्वांत आधी येते. गुडघा हा काही यंत्राचा निर्जीव भाग नव्हे. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि हालचालीमुळे पडणाऱ्या-सुटणाऱ्या दाबाने हा द्रव तिच्यात खेळता राहतो. चालताना, जिना उतरताना बसणारा धक्का मुख्यतः मांडीचा पुढचा स्नायू पेलतो. दुखतं म्हणून बाई हालचाल कमी करते, त्याने हा स्नायू रोडावतो, सांध्यावरचा ताण वाढतो आणि दुखणं आणखी बळावतं. रजोनिवृत्तीनंतर या विकाराचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त असतं, त्यात स्नायूंची ताकद मुळातच कमी आणि वजन वाढलेलं. एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचं गणितही नेहमी जुळत नाही. झीज दिसूनही नीट चालणाऱ्या बायका असतात आणि फोटो बरा असूनही कळवळणाऱ्याही. झीज भरून काढणं आज कोणाच्या हातात नाही, पण स्नायूची ताकद वाढवणं आहे.

शास्त्रीय पुरावाही हेच सांगतो. अमेरिकी सैन्याच्या आरोग्यसेवेतील 156 रुग्णांवरचा एक अभ्यास 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि निम्म्यांना फिजिओथेरपी दिली गेली. सुरुवातीला दोन्ही गटांचा त्रास जवळपास सारखा होता. वर्षभरानंतर वेदना आणि अडचणींचा निर्देशांक इंजेक्शनच्या गटात सुमारे 56, तर फिजिओथेरपीच्या गटात 37 होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झिजेच्या प्रत्येक रुग्णाला व्यायाम द्यावा. अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरन्शियल यांसारखे विजेच्या यंत्रांचे उपचार देऊ नयेत. आपल्याकडे अनेक ठिकाणी याच्या नेमकं उलट चालतं. पलंगावर पडून मशीन लावून घेणं म्हणजे फिजिओथेरपी, असं रुग्णालाही वाटतं. खरी फिजिओथेरपी साधी दिसते आणि घाम काढते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबून धरायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं. किती वेळा करायचं आणि कधी वाढवायचं, हे ठरवण्यात फिजिओथेरपिस्टचं कौशल्य असतं.

‘दिवसभर राबणाऱ्या बाईला आणखी कसला व्यायाम?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं, उकिडवं बसून भांडी घासणं, शेतात वाकून खुरपणं यांत गुडघ्यावर भार पडतो, पण दुबळ्या झालेल्या स्नायूला बेताबेताने वाढवत नेलेला ताण आणि विश्रांती मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने 2024 मध्ये 139 चाचण्यांचा आढावा घेतला. 0 ते 100 च्या मोजपट्टीवर व्यायामाने वेदना सरासरी 9 ते 13 गुणांनीच कमी होते आणि एवढा फरक रुग्णाला कितपत जाणवतो याची खात्री देता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. ते मान्य करूनही निवड करताना पर्याय काय आहेत हे पाहावंच लागतं. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर परिणाम होतात, आणि या वयात बऱ्याच जणींना मधुमेह-रक्तदाब आधीच असतो. व्यायामाला हा धोका नाही आणि वजन घटवण्याची जोड दिली तर फायदा वाढतो.

मग थेट ऑपरेशनच का नको? डेन्मार्कमधल्या 100 रुग्णांच्या 2015 च्या चाचणीत ऑपरेशन झालेल्यांना आराम खरोखरच जास्त पडला, पण गंभीर गुंतागुंतीही जास्त झाल्या: 24 विरुद्ध 6. ज्यांना आधी केवळ व्यायाम, आहार आणि औषधं दिली, त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं नाही. पाय वाकडा झाला आहे, रात्रीची झोप उडाली आहे, व्यायामानेही फरक पडत नाही, अशा बाईला ऑपरेशन जरूर मिळावं. तोवर मधली पायरी गाळणं तिच्या हिताचं नाही.

सरकारने ऑपरेशन स्वस्त करण्यासाठी पावलं उचलली, हे चांगलंच झालं. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम गुडघ्याची किंमत सुमारे 1 लाख 58 हजारांवरून 54,720 रुपयांवर आणली गेली. पण आयुष्मान भारतमधली विमा योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे; बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली फिजिओथेरपी तिच्यात बसत नाही. म्हणजे शेवटच्या उपचाराला पैसा आहे, पहिल्याला नाही. शहरातल्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा जायचं तर बाईला एसटीची उंच पायरी चढावी लागते, सोबत कुणाला तरी न्यावं लागतं आणि रोजंदारी बुडते. फिजिओथेरपिस्ट पुरेसे नाहीत, हे खरं असलं तरी हा व्यायाम गटाने शिकवता येतो. डेन्मार्कमध्ये 2013 पासून चालू असलेल्या उपक्रमात थोडी माहितीसत्रं आणि गटाने व्यायामाचे बारा वर्ग असतात. एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातले ठरलेले दिवस तालुक्यातल्या आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी आरोग्य केंद्रांत गेला, तर खुर्च्या, टॉवेल आणि मोकळी खोली एवढ्या सामानावर दहा-बारा जणींचा वर्ग चालेल. बोलावण्याचं काम आशाताई करू शकतील आणि बचत गटांमुळे बायका एकत्र येणं सोपं जाईल. आरोग्य खात्याने निदान एका जिल्ह्यात असे वर्ग वर्षभर चालवावेत, वेदना किती कमी झाली आणि किती जणींच्या गोळ्या सुटल्या याची नोंद ठेवावी, आणि निकाल चांगला आला तर अर्थसंकल्पात त्यासाठी कायमची तरतूद करावी.