विवेकाचा अधिकार कुणाचा?

आदिवासी भाविकाला जपमाळ पुरे, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पुरे; मनन-चिंतन आणि आत्मिक विवेक या शिकल्यासवरल्यांच्या गोष्टी, असे मत आपल्या ख्रिस्तसभेत आजही मोठ्या सौजन्याने मांडले जाते. आम्हांला ते मान्य नाही. सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यातील कोकणा, वारली वा महादेव कोळी समाजातला ख्रिस्ती माणूस डोळ्यांपुढे ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत.

या मताच्या पाठीराख्यांच्या हाती एक आधार आहे, तो आम्ही लपवीत नाही. संत इग्नाशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातील अठरावी सूचना सांगते, की अल्पशिक्षिताला पेलेल तेवढीच साधना द्यावी. पण पेलेल तेवढे द्या म्हणणे निराळे आणि देऊच नका म्हणणे निराळे. शिवाय तिच्या पाठोपाठची एकोणिसावी सूचना कामधंद्यात गुंतलेल्यांसाठी आहे; त्यांनी आपले व्यवहार न सोडता रोज दीड तास साधनेला द्यावा, असे ती म्हणते. आणि ग्रंथकर्ता तरी कोण होता? 1522 साली मान्रेसा येथे या साधनेचा पाया घातला गेला, तेव्हा इग्नाशियस धर्मगुरू नव्हते, पंडितही नव्हते. 1527 मध्ये सालामांका येथे, शिक्षण नसताना आत्मिक गोष्टींवर बोलतोस कसा, असे विचारून त्यांना बावीस दिवस कैदेत ठेवले गेले. प्रश्न तोच आहे. फक्त आता तो द्राक्षबागेतल्या मजुराला विचारला जातो.

होय, द्राक्षबागेतल्या. नागली-वरईची कापणी उरकली की सुरगाण्यातील पुष्कळ कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे मजुरीला निघतात. आगमनकाळ आणि नाताळ अनेकदा तिकडेच. त्यांना आठ दिवसांच्या मौनसाधनेचे आमंत्रण देणे ही थट्टा होय. परंतु त्याच ग्रंथात प्रार्थनेची तिसरी रीत दिलेली आहे: श्वासागणिक प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द मनात घोळवावा. तिला ना पुस्तक लागते ना खोली. फादर अँथनी डिमेलो यांनी 1978 च्या ‘साधना’ या इंग्रजी पुस्तकात श्वासाकडे लक्ष देण्याचे धडे दिले, तेव्हा शहरी वाचकांनी ते डोक्यावर घेतले. सुरगाण्याला हे नवे नाही. तिथे थाळगान आहे. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करतात, तिच्यावरून बोटे ओढली की एकसुरी नाद निघतो आणि त्या नादावर रात्रभर कथा चालते. अशी रात्र ऐकून काढणाऱ्या समाजाला एकाग्रता परकी, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

खरी अडचण पुढेच आहे. मार्गशीर्षात डोंगरदेवाचा उत्सव येतो. एक उपदेशक बजावतो, पावरीचा सूर कानी पडताच दार लावून घे. दुसरा म्हणतो, सगळे सारखेच, खुशाल जा. दोघेही त्या माणसाच्या वतीने निर्णय करून मोकळे होतात. भाऊबंदांच्या रिंगणात बसताना श्रद्धेचा भंग कुठे होतो आणि नुसता जिव्हाळा कुठे राखला जातो, हे त्यानेच प्रभूसमोर तपासायचे आहे. आदिवासींची धर्मभावना घाईने अंधश्रद्धा ठरवू नये, असे पोप फ्रान्सिस यांनी 2020 मध्ये ‘केरिदा अमाझोनिया’ या पत्रात बजावले. पण त्या सूचनेचा आधार घेऊन पुन्हा दुसऱ्यानेच निकाल द्यावा, हे आम्हांला पटत नाही.

उचल घ्यावी की नाही, पोरीला शाळेतून काढावे की नाही, हेही विवेकाचेच विषय आहेत. मन अंधारलेले असताना, उजेडात घेतलेला निर्णय बदलू नये, हा इग्नाशियसचा नियम तिथे फार मोलाचा ठरेल. मात्र उपाशी पोटाची व्याकुळता म्हणजे आत्मिक शुष्कता नव्हे, एवढे मार्गदर्शकाला कळले पाहिजे. आणि ते कळायला त्याने आधी त्या माणसाची कोकणा बोली शिकावी, त्याच्या घरची नागलीची कणगी कोणत्या महिन्यात रिकामी होते ते विचारावे.