म्हातारचळ नव्हे, गोळीचा चाळा

पार्किन्सन्स म्हणजे कंपवाताच्या रुग्णाचे नातेवाईक तपासणीत थरथर, चाल, ताठरपणा सगळे सांगतात. निघताना हळूच जोडतात, "बाकी काही नाही डॉक्टर, जरा म्हातारचळ लागलाय."

खोदून विचारले की कळते: आजोबा रात्री दोनला उठून रेडिओ खोलतात, जोडतात, पुन्हा खोलतात. आजी पेटीतल्या साड्यांच्या घड्या मोडतात आणि घालतात. जेवणाचे भान नाही, अडवले तर चिडतात.

माझा आक्षेप त्या "म्हातारचळ" शब्दालाच आहे. त्यात हसू आहे, लाज आहे, आणि "वय झाले, चालायचेच" हा निकालही आहे. म्हणून ही तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

वैद्यकशास्त्रात याला "पंडिंग" म्हणतात. शब्द मूळचा स्वीडिश. 1972 मध्ये रायलँडर या मनोविकारतज्ज्ञाने उत्तेजक औषधांच्या व्यसनींमध्ये हे वर्तन नोंदवले. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ "ठोंब्या" असा काहीसा. म्हणजे तिथेही नाव पडले ते टोमण्याचेच! 1994 मध्ये लेव्होडोपा घेणाऱ्या कंपवाताच्या रुग्णातही हेच आढळले.

कारण सरळ आहे. कंपवातात मेंदूतले डोपामिन कमी पडते, ते गोळ्या भरून काढतात. पण "बरे वाटले, पुन्हा कर" हा संदेशही डोपामिनचाच. तो अति झाला की हात एकाच कामात अडकतात, बहुधा ओळखीच्या कामात. आपल्या पैठणमध्ये पैठणी विणण्यात आयुष्य गेलेला माणूस रेशमाचे तुकडे रंगवार लावत बसेल. निवृत्त कारकून जुने कागद. ओसीडीत माणूस भीतीपोटी कृती करतो. इथे त्याला त्यातच शांत वाटते. म्हणून तो स्वतः तक्रार करत नाही.

"बसू द्या की, कुणाचे काय जाते?" असे म्हणणाऱ्यांना उत्तर: झोप जाते, जेवण राहते, घरात भांडणे होतात. शिवाय प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा नादही लागतो. तो घर बुडवू शकतो.

डोस नकळत वाढतो. "गोळीने तरतरी येते" म्हणून एक जास्त घेतली जाते. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन्‌महिने औषध आणले जाते. सोबत कुणी खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण देते. त्यातही लेव्होडोपाच असतो!

मग काय करायचे?

- गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. तीव्र ताप, अंग लाकडासारखे ताठ होणे, जिवाला धोका, इथपर्यंत वेळ येऊ शकते.
- चाळा कधी सुरू झाला, किती तास चालतो, हे लिहून ठेवा.
- चूर्णासह सगळी औषधे घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. त्यासाठी संभाजीनगर गाठावे लागले तरी जा.
- डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही सांगा.

प्रत्येक चाळा गोळीमुळेच असतो असे नाही. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशातही तो दिसतो. ते ठरवायला तपासणीच लागते. पण गोळी कारण असेल, तर डोस हळूहळू बदलून अनेकांना आराम पडतो. म्हणून घरात यापुढे म्हातारचळ म्हणू नका, "गोळीचा चाळा तर नाही ना?" असे विचारा. पहिला शब्द माणसाला दोष देतो, दुसरा उपायाची वाट दाखवतो.