गुण घसरले, पोरगा गप्प झाला

आमच्या वस्तीतला एक मुलगा दहावीला पहिल्या वर्गात आला. आम्ही विहारात त्याचा सत्कार केला. बारावीला तो नापास झाला. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाने त्याला आळशी ठरवून मारले. आम्हीही उपदेशच पाजला. तो मित्र टाळत होता, आंघोळ टाळत होता, रात्र-रात्र जागत होता. पुढे कानात आवाज येतात म्हणू लागला, तेव्हा आमचे डोळे उघडले.

स्किझोफ्रेनिया हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे 345 माणसांत एकाला तो असतो. भास होण्याआधी कित्येक महिने, कधी वर्षे, अभ्यास ढासळतो आणि माणसे नकोशी होतात. 2004 च्या 'देवराई' चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी याच आजाराने ग्रासलेला तरुण उभा केला आहे.

नापास झालेला प्रत्येक मुलगा आजारी नसतो. पण कालचा आणि आजचा मुलगा वेगळा वाटला, आणि ते महिनोन्‌महिने टिकले, तर मारू नका. भगताचा अंगारा तर नकोच. बाबासाहेबांनी 1956 साली 22 प्रतिज्ञा कशासाठी दिल्या? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. 2022 पासून 14416 हा 'टेली मानस'चा मोफत फोन आहे. सरकारी उपचार हा 2017 च्या कायद्याने आपला हक्क आहे.

उपचार लवकर, तर गुण लवकर. आम्ही एक वर्ष उपदेशात घालवले. तुम्ही घालवू नका.

जयभीम!