दोन महिन्यांचा धबधबा

नॉर्वेच्या पश्चिम भागात मार्डाल्सफॉसेन नावाचा धबधबा आहे. जवळजवळ ७०० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारा, युरोपातल्या सर्वांत उंच धबधब्यांपैकी एक. तो भरात पाहायचा तर २० जून ते २० ऑगस्ट याच काळात जायला हवे. एरवी त्याचे पाणी बोगद्यातून वीजकेंद्राकडे वळवलेले असते. पर्यटकांचा हंगाम आला की पाणी सोडायचे, हंगाम सरला की बंद करायचे. ‘मध्यरात्रीचा सूर्य’ पाहायला मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या सहली नेमक्या याच दिवसांत निघतात, त्यामुळे नॉर्वेतल्या एखाद्या धबधब्याला नळ असतो, हे कुणाच्या ध्यानात येण्याचे कारण नाही.

हा नळ बसू नये म्हणून १९७० च्या उन्हाळ्यात काही माणसे डोंगरात तंबू ठोकून बसली होती. त्यांत ५८ वर्षांचे आर्ने नेस होते. ओस्लो विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे माजी प्राध्यापक, पट्टीचे गिर्यारोहक आणि गांधीविचाराचे गाढे अभ्यासक. पोलिसांनी त्यांना उचलून नेले. आंदोलन हरले, पाणी बोगद्यात गेले. पुढे तीन वर्षांनी ‘डीप इकॉलॉजी’ (निसर्गाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे, असे मानणारा विचार) हा शब्द जगाला दिला तो याच नेस यांनी.

नॉर्वेचे निसर्गसौंदर्य आणि तिथली वीज ही एकाच घरातली भावंडे आहेत, हे समजल्याशिवाय त्या देशाचा पर्यावरणाचा हिशोब लागत नाही. हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत समुद्र शिरला आणि फ्योर्ड तयार झाले. त्यांतला सोग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरहून लांब आणि काही ठिकाणी १३०० मीटर खोल आहे. वर पठारावर तळी, खाली सरळ तुटलेला कडा आणि पाऊस भरपूर. छायाचित्रकाराला हवे ते सगळे इथे आहे आणि जलविद्युत अभियंत्यालाही नेमके तेच हवे असते. आज देशाची सुमारे ९० टक्के वीज पाण्यापासून होते. तिथे कोळसा जाळून दिवे लावायची वेळ आली नाही, यात सरकारच्या पुण्याईइतकाच भूगोलाचा वाटा आहे.

पुण्याई नाही असे मात्र नाही. १९५७ च्या कायद्याने कोणालाही मोकळ्या रानावनात, जमीन खासगी असली तरी, हिंडायची मुभा दिली आहे. घरापासून १५० मीटर लांब तंबूही ठोकता येतो. कार्बन कर तिथे १९९१ मध्येच आला, बहुतेक देशांना तो शब्दही ठाऊक नव्हता तेव्हा. आणि मोटारींची गोष्ट तर अस्सल नॉर्वेजियन आहे. १९८९ मध्ये ‘आ-हा’ या पॉप बँडमधले दोघे आणि बेलोना या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाउगे विजेवर चालवलेली एक फियाट पांडा घेऊन टोल न भरता नाक्यांवरून जाऊ लागले. दंड साचला, गाडी जप्त झाली, लिलाव झाला आणि लिलावात ती त्यांनीच परत घेतली. मग पुन्हा टोलनाका! सरकारने हळूहळू विजेच्या गाड्यांचा आयात कर काढला, टोल काढला, २००१ मध्ये मूल्यवर्धित करही काढला. पेट्रोलच्या गाड्यांवरचा कर मात्र जबर ठेवला. २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेवरच्या होत्या. सोग्नेफ्योर्डमध्ये बॅटरीवर चालणारी फेरीबोट २०१५ पासून मोटारी वाहते आहे.

एवढी सवलत देण्याइतका पैसा आला कुठून? १९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्क तेलक्षेत्र सापडले तिथून. तेलाचा पैसा नॉर्वेने उधळला नाही, निधीत ठेवला. आज जगातल्या शेअर बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांचा सरासरी दीड टक्का हिस्सा त्या निधीकडे आहे. तेल सापडलेल्या देशांत इतका शहाणपणा विरळाच. पण ते तेल आणि तो वायू जळतो जर्मनीत, ब्रिटनमध्ये, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धूर ज्याच्या हद्दीत, त्याच्याच खात्यावर मांडला जातो. देशात होणाऱ्या उत्सर्जनाच्या साधारण दसपट उत्सर्जन नॉर्वे असे निर्यात करतो. घर झाडून कचरा शेजारच्या अंगणात लोटल्यासारखेच हे. फरक इतका की इथे शेजारी तो कचरा मोल मोजून घेतो.

२०२२ नंतर रशियाचा वायू आटला तेव्हा युरोपची शेगडी नॉर्वेनेच पेटती ठेवली, हा ओस्लोचा युक्तिवाद खोटा नाही. मात्र तो फक्त पुरवठ्याचे उत्तर देतो. हवामान परिषदांत इतरांना जंगले राखायला सांगणारा देश नव्या क्षेत्रांत तेल शोधण्याचे परवाने का वाटतो, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

खरी मेख त्याहून आत आहे. समुद्रातल्या तेलफलाटांवर आणि किनाऱ्यावरच्या प्रकल्पांत यंत्रे चालवायला पूर्वी तिथलाच वायू जाळत. आता त्यांतल्या अनेक ठिकाणी जमिनीवरून तारा टाकून स्वच्छ वीज पोहोचवली जाते. देशाच्या खात्यावरचा धूर कमी होतो आणि वाचलेला वायू विकता येतो. डोंगरातले पाणी असे तेल-वायूच्या कामाला जुंपले जाते. उत्तरेतल्या हॅमरफेस्टजवळच्या मेल्कोया वायूप्रकल्पाला अशीच वीज द्यायचे सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ठरवले. त्यासाठी नव्या तारा हव्यात, आणखी पवनचक्क्या हव्यात आणि जमीन हवी ती रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांची.

सामींना हा अनुभव नवा नाही. आल्टा नदीवरच्या धरणाला त्यांनी १९७० च्या दशकात विरोध केला. जानेवारी १९८१ मध्ये शेकडो पोलीस आणून आंदोलक हटवले गेले आणि धरण झाले. फोसेन भागातल्या पवनचक्क्यांमुळे त्यांच्या हक्कांचा भंग झाल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये एकमताने दिला. ५०० दिवस उलटले तरी पाती फिरतच होती, तेव्हा तरुण सामी ओस्लोतल्या मंत्रालयात जाऊन बसले. सरकारने माफी मागितली. पुढे भरपाईचे करार झाले. पवनचक्क्या हटल्या नाहीत.

हॅमरफेस्ट ज्या बेटावर आहे तिथे रेनडिअरचे कळप दर उन्हाळ्यात चरायला येतात. कधी कधी थेट गावातल्या रस्त्यांवर हिंडतात आणि पर्यटक त्यांचे फोटो काढतात. मेल्कोयाच्या विजेच्या तारा याच कुरणांवरून नेण्याचे ठरले आहे.