रक्ताची पिशवी तालुक्यात का नाही?



देशात 2004-06 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 254 माता दगावत होत्या. नमुना नोंदणी सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या अहवालात हे प्रमाण 93 वर आलं. आशाताई, जननी सुरक्षा योजना, 108 ची गाडी यांना याचं श्रेय मोकळ्या मनाने दिलं पाहिजे. पण त्याच अहवालात महाराष्ट्र आधीच्या अहवालातल्या 33 वरून 38 वर चढला होता. केरळ त्यात 20 वर होता. पाचाची वाढ म्हणजे नमुन्यातला चढउतार, असं म्हणून कुणी ती सोडून देईल. मला ती सोडवत नाही.

मी सातपुड्यात आरोग्यसेविका होते. एका पावसाळ्यात पाड्यावरून एका बाळंतिणीला झोळीत घालून चौघांनी खाली आणलं. वार पडली होती, रक्त थांबत नव्हतं. पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. ग्रामीण रुग्णालयात पोचलो तर तिथे रक्तच नाही. 'जिल्ह्याला न्या' म्हणून चिठ्ठी हातात दिली. घाटात तिचे हातपाय गार पडत गेले. ती सारखी पाणी मागत होती. जिल्ह्याच्या दारात उतरवली, तेव्हा सगळं संपलं होतं.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांतही जीव घेतो. झोळी, गाडी आणि घाट दोन तासांत कसे उरकणार? आता दवाखान्यातली बाळंतपणं 39 टक्क्यांवरून 89 टक्क्यांवर गेली आहेत (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2005-06 ते 2019-21). पण त्याच सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बाया रक्तक्षयाच्या आहेत. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडा स्रावही सोसत नाही. तिला दवाखान्यापर्यंत आणायचं आणि दवाखान्यात रक्त ठेवायचं नाही, हे कसं चालेल?

'वापर कमी, रक्त वाया जातं', असं उत्तर मिळतं. रक्त 35 दिवस टिकतं. मुदत संपण्याआधी पिशव्या जिल्हा रक्तपेढीत परत नेल्या की तिथे वापरता येतात.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास चालणारं रक्तसाठवण केंद्र हवं. प्रत्येक मातामृत्यूचा आढावा घेतला जातो, त्यातली कारणं नावं वगळून तालुकावार जाहीर करावीत. वाचकांनीही आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन एकदा विचारावं: आज रात्री रक्त लागलं, तर मिळेल का?

— एक निवृत्त आरोग्यसेविका, नंदुरबार जिल्हा