बुरसटलेला मका कोंबड्यांनाही नको

परसातल्या कोंबड्यांसाठी मका, तांदळाची कणी आणि शेंगदाण्याची पेंड भरडून सेंद्रिय खाद्य घरीच करणारे अनेक ज्येष्ठ माझ्या परिचयाचे आहेत. हातपाय हलते ठेवणारा हा उद्योग मला आवडतो. मात्र पावसाळ्यात बुरसटलेला मका ‘कोंबड्यांना चालतो’ ही समजूत सोडावी. त्या बुरशीतून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते. धुऊन वा भाजून ते पुरते नष्ट होत नाही, अंड्यांतही त्याचा अंश उतरू शकतो. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात असा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. असे धान्य खोल पुरून टाकावे. आणि दमा असलेल्यांनी भरडण्याचे काम घरातील तरुणांवर सोपवावे. त्या धुळीने धाप वाढते.