एसी-फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकताय? गॅसच्या टाकीआधी वजनकाटा घ्या!



पहूरच्या एका मुलाने मला खरेदीची यादी पाठवली. आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा २ वर्षांचा कोर्स झालाय, हायवेला पत्र्याचा गाळा बघून ठेवलाय. यादीत गॅसच्या २ टाक्या, गेज, वेल्डिंगचा सेट आणि दुकानाचा बोर्ड. व्हॅक्यूम पंप नाही, वजनकाटा नाही, नायट्रोजन नाही, चष्मा-हातमोजेही नाहीत. विचारलं तर म्हणाला, "सर, ते नंतर घेऊ. आधी दोन पैसे सुटू द्या."

माझं मत स्पष्ट आहे. या धंद्यात जे सामान आपण "नंतर" वर ढकलतो, तेच खरं भांडवल आहे.

का, ते बघा. आपल्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत त्याहून जास्त तापतं. टाकीतला गॅस दाबाखाली द्रवरूप असतो. आर-३२ चा दाब ३० अंशांना साधारण २६५ पीएसआय असतो, तो ५० अंशांना ४४० च्या घरात जातो. गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३५ भरतो, यावरून अंदाज घ्या. आता मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत अंदाजाने गॅस ओतला आणि ती काठोकाठ भरली, तर द्रवाला फुगायला जागाच उरत नाही. अशी टाकी फुटते. म्हणून ८० टक्क्यांच्या वर भरायची नाही, आणि हे वजनकाट्याशिवाय कळत नाही. एकदाच वापरायच्या टाकीत तर परत गॅस भरूच नका. टाकी सावलीत, उभी, साखळीने बांधून ठेवा.

दुसरी गोष्ट. गॅस बदललाय, आपली सवय बदललेली नाही. जुना आर-२२ सहज पेटत नव्हता. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हळूहळू बाजूला पडला. आज नवीन एसीत बहुतेक आर-३२, काहींत आर-२९०, आणि घरच्या फ्रीजमध्ये आर-६००ए असतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. दोन्ही स्वयंपाकाच्या गॅसचे भाऊबंद! आर-३२ त्यांच्याइतका ज्वालाग्राही नाही, पण पेटतो. म्हणजे उस्ताद जसा पाईपला थेट ज्योत लावायचा, तसं आता चालणार नाही. आधी गॅस नीट काढून घ्या, नायट्रोजन फिरवा, दारं-खिडक्या उघडा, मगच ज्योत. आर-२२ सुद्धा निरुपद्रवी नव्हता बरं का. ज्योतीत सापडला की त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. शिवाय हे सगळे गॅस हवेपेक्षा जड. बंद खोलीत खाली साचतात आणि श्वास कोंडतो.

लीक तपासायला ऑक्सिजन? कधीच नाही! दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो. फक्त कोरडा नायट्रोजन, तोही रेग्युलेटर लावूनच.

हातावर द्रव गॅस उडाला तर कातडी गोठते. चोळू नका, कोमट पाणी घाला. डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

आता धंद्याचं बोलू. तुम्ही म्हणाल, "सर, एवढं करत बसलो तर शेजारचा ५०० रुपये कमी घेऊन गिऱ्हाईक पळवेल." पळवू द्या. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता वरून गॅस मारणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. महिन्याभरात गिऱ्हाईक भांडायला येतं, आणि आता तर त्याच्या झोपायच्या खोलीत पेटणारा गॅस गळत असतो. त्या घरात लहान लेकरू झोपतंय, हे डोक्यात ठेवा.

म्हणून दर वेगळा सांगा आणि कारणही सांगा: "भाऊ, आधी गळती शोधतो, नायट्रोजनने तपासतो, व्हॅक्यूम करतो, मग मशीनच्या पाटीवर लिहिलंय तेवढाच गॅस तुमच्यासमोर वजन करून भरतो." काट्यावरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवा. सोनाराकडे आपण काटा बघतोच ना? तुमच्याकडेही बघू दे. पहूरसारख्या गावात एक समाधानी गिऱ्हाईक दहा घरी नाव सांगतं, आणि एक अपघात झाला तर बोर्ड कायमचा उतरतो.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं: दोनाऐवजी एकच टाकी घे, बोर्ड साधा कर, उरलेल्या पैशात काटा, पंप, नायट्रोजनचं रेग्युलेटर आणि चष्मा-हातमोजे घे. पैसे कमी पडत असतील तर दुकान २ महिने उशिरा उघड.

तुमची यादी काढा मित्रांनो. "नंतर घेऊ" असं ज्याच्यापुढे लिहिलंय, ते सगळ्यात वर आणा.